कोणीच लहान दिसू नये

अक्षर आणि ठोकळा यांचा तसा काही संबंध नाही. तरीही आपल्या राज्याच्या कला संचालनालयाने या दोघांना फार पूर्वीच एका पेपरात बसवून टाकलं आहे. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत कर्तव्यभूमिती, घनभूमिती आणि अक्षरलेखन मिळून एकच विषय. वस्तुचित्राला वेगळा मान, नक्षीकामाला वेगळा मान. पण वर्तुळाला स्पर्शिका काढायची, आडवा पडलेला शंकू वरून कसा दिसतो ते दाखवायचं आणि वर एखादा मजकूर ठळक अक्षरांत सुबकपणे लिहायचा, ही तिन्ही कामं एकाच मुलाने एकाच बैठकीत उरकायची. ही योजना ज्याने आखली त्याला एक तर कलेचं मर्म कळलं होतं, नाही तर उरलेसुरले विषय एका जागी कोंबून टेबल मोकळं करायचं होतं. सरकारी कामात या दोन शक्यता बाहेरून सारख्याच दिसतात.

त्या वयातल्या मुलाला कलेची प्रेरणा कुठून मिळते, हे त्याच्या आईवडिलांना विचारावं. ग्रेड मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. इतकी ठोस प्रेरणा पुढे आयुष्यात पुन्हा लाभत नाही. त्यातली काही मुलं खरोखरच डिझायनर होतात आणि मग पंचाईत होते. गुण संपलेले असतात आणि प्रेरणा ज्याची त्याने शोधायची असते.

माझा भाचा त्यांपैकीच. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरात वरच्या मजल्यावर त्याचा ‘स्टुडिओ’ आहे. ताई त्याला अजून ‘वरची खोली’च म्हणते आणि गव्हाची कोठी तिथून हलवायला तयार नाही. तर या स्टुडिओला बीड बायपासवरच्या एका नव्या टाइल्सच्या दुकानाचं काम मिळालं. मालकांना बोर्ड हवा होता आणि बोर्डावरची अक्षरं आयसोमेट्रिक हवी होती. हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. त्यांनी सांगितलं होतं, “अक्षर कसं पायजे, त्याच्यावर माणूस चढून बसंल असं.” व्यवसायातल्या माणसाने आयसोमेट्रिकची याहून नेमकी व्याख्या केलेली मला माहीत नाही.

भाचा मग स्क्रीनपुढे बसला. जपानचे ठोकळे पाहिले, नेदरलँड्सची अक्षरं पाहिली, लहानपणी ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये बांधलेली गावं पुन्हा उघडून पाहिली. मी गेलो तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला होता.

“मामा, इन्स्पिरेशनच येईना.”

“अरे, नळाला पाणी तरी कुठं रोज येतं? म्हणून आपण बसून राहिलो का? टाक्या बांधल्या. चल, गच्चीवर.”

हे मी सहज बोलून गेलो, पण गच्चीवर गेल्यावर कळलं की उत्तर खरंच टाकीतच होतं. सिडकोने एकेकाळी सारख्या मापाची, सारख्या तोंडाची घरं ओळीने बांधून दिली. त्यानंतर प्रत्येकाने आपापली कला दाखवली. एकाने वर खोली चढवली. दुसऱ्याने बाहेरून जिना काढला, कारण भाडेकरूला देवघरातून जायला नको. तिसऱ्याने पत्रे टाकले, चौथ्याने गच्चीवर आणखी एक छोटी गच्ची काढली, तिचा उपयोग त्यालाही माहीत नाही. आणि या सगळ्यांच्या माथ्यावर काळ्या टाक्या. एक, दोन, ऐपतीप्रमाणे तीन. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एन. डी. भट्टांच्या पुस्तकातून जी उदाहरणं सोडवून घेतात, म्हणजे चौकोनी ठोकळ्यावर मधोमध उभा दंडगोल ठेवला आहे वगैरे, ती सगळी इथे सिमेंटमध्ये सोडवून ठेवलेली आहेत. नळाला रोज पाणी आलं असतं तर हे शहर इतकं आयसोमेट्रिक झालंच नसतं.

आता हे आयसोमेट्रिक म्हणजे काय, ते ज्यांचा ड्राफ्टरशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. केंब्रिजला विल्यम फॅरिश नावाचे एक प्राध्यापक होते. ते वर्गात यंत्रांचे नमुने जोडून दाखवत. व्याख्यान झालं की यंत्र मोडायचं, पुढच्या वेळी त्याच सुट्या भागांतून दुसरं उभं करायचं. कुठला दांडा कुठे बसतो हे मदतनिसाला समजावं म्हणून त्यांनी चित्राची एक रीत बसवली आणि १८२२ साली तिच्यावर निबंध लिहिला. रीत सोपी आहे. उंची उभी काढायची. लांबी आणि रुंदी डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांनी चढवायची. तिन्ही दिशांमध्ये १२० अंशांचं अंतर. तिन्ही दिशांना माप एकच. मदतनिसाने चित्रावर पट्टी ठेवावी आणि कामाला लागावं.

हे इतकं सोपं राहिलं तर परीक्षा कशी घेणार? म्हणून ‘आयसोमेट्रिक व्ह्यू’ वेगळा आणि ‘आयसोमेट्रिक प्रोजेक्शन’ वेगळं. पहिल्यात खरी मापं, दुसऱ्यात तीच मापं सुमारे ८२ टक्के. हा फरक तोंडी परीक्षेत हमखास विचारतात आणि त्यानंतर आयुष्यात कोणीही विचारत नाही. आमच्याकडे त्या काळात यावर उपाय होता. काचेखाली बल्ब लावायचा, वर हुशार मुलाचं शीट ठेवायचं, त्यावर आपलं. याला ग्लास ट्रेसिंग म्हणत आणि आदराने ‘जीटी’. प्रोजेक्शन कळायच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना प्रकाश पडला तो या खालच्या बल्बमुळे. एखाद्या वर्षी हुशार मुलाची रेघ चुकली की ती अख्ख्या होस्टेलच्या शीटांवर मानाने जाऊन बसे.

पण फॅरिशसाहेबांच्या रीतीत एक सामाजिक तत्त्व दडलेलं आहे आणि ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं. नेहमीच्या यथार्थ चित्रात लांबची वस्तू लहान दिसते. रस्ता निमुळता होत जातो, दूरचा माणूस मुंगीएवढा होतो. आयसोमेट्रिकमध्ये असं काही नाही. जवळचा ठोकळा जेवढा, तेवढाच लांबचा. कितीही मागे उभे राहा, तुमचं माप कमी होत नाही. आमच्या शहराच्या स्वभावाला याहून जवळचं चित्र नाही, कारण इथे लहान दिसायला कोणीच तयार नसतो.

पुरावा हवा असेल तर गुलमंडीत या. इथे मान वर करून चालण्याची सोय नाही. चाललात तर कोणाच्या तरी हँडलवर आदळाल. पण कडेला उभं राहून बोर्ड वाचले तर देवनागरी, उर्दू आणि रोमन या तीन लिप्या एकाच पत्र्यावर आपापली जागा अडवून असलेल्या दिसतात. देवनागरी शिरोरेषेला लोंबते. रोमन जमिनीवर पाय रोवून उभी असते. उर्दूचं नस्तालीक वळण उजव्या बाजूने वर सुरू होतं आणि डावीकडे खाली उतरत येतं, म्हणजे तिरकं जायला त्याला केंब्रिजच्या निबंधाची वाट पाहावी लागली नाही. त्यातच राज्य सरकारने २०२२ साली कायदा सुधारला. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांत हे करा म्हणून सांगितलं. इतरांच्या मानाने मी लहान दिसता कामा नये, ही भावना आमच्याकडे आधीपासून होतीच. तिला कायद्याचं बळ मिळालं. त्यानंतर एका दुकानदाराने इंग्रजी नाव होतं तेवढंच ठेवून मराठी नाव इतकं मोठं करून घेतलं की ते शेजारच्या शटरवर गेलं. आता शेजाऱ्याच्या चपलेच्या दुकानाला ‘वाला’ एवढंच नाव आहे.

पाट्या रंगवणाऱ्यांना या गावाने कधी उपाशी ठेवलं नाही, हेही नोंदवायला हवं. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. त्याच्या मुलाने तिचं फतेहनगर केलं. औरंगजेबाने औरंगाबाद केलं. २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर आहे. इतिहासकार या नावांवर वाद घालतात. पेंटर मापं घेतो. जुन्या नावाची अक्षरं पाच होती, नव्याची दहा आहेत आणि पत्र्याची रुंदी तेवढीच आहे. शिवाय पहिलंच अक्षर ‘छ’. ज्यांनी ‘छ’ कधी सुबक काढून पाहिला असेल त्यांनाच हे दुःख समजेल. त्याला किती पोटं आहेत आणि तो नेमका कुठे संपतो, यावर दोन पेंटरांचं एकमत होत नाही. एसटीच्या पाट्यांनी ‘छ. संभाजीनगर’ असा मार्ग काढला आणि ‘छ’ला टिंबाजवळ उभं करून सुटका करून घेतली.

पैठण गेटच्या बाजूला एक म्हातारे पेंटर शटर रंगवताना सापडले. आधी त्यांनी खडूची पूड लावलेला दोरा ताणून सूत मारलं, मग काठीवर मनगट टेकून, कागदावर काहीही न काढता, मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे नाव लिहीत गेले. मग प्रत्येक अक्षराला खालून आणि उजवीकडून गडद निळ्या रंगाची जाडी दिली. अक्षर शटरमधून बाहेर येऊन उभं राहिलं. भाच्याने विचारलं, “चाचा, शेड नेहमी उजवीकडेच का?”

“धूप उधर से आती ना,” त्यांनी ब्रशने डावीकडच्या आभाळाकडे दाखवलं. सूर्य त्या वेळी बरोबर उजवीकडे, थेट आमच्या डोळ्यांत होता. “हर्फ को धूप लगना, साब. तबीच उठता.”

पेंटरांच्या जगात सूर्य डाव्या कोपऱ्यात वर खिळा मारून ठोकलेला आहे. उगवत नाही, मावळत नाही. भाच्याने यावर स्वतःची पद्धत त्यांना समजावली: अक्षर आधी उभ्यात ८६.६ टक्के करायचं, मग तीस अंश तिरकं ओढायचं, मग तीस अंश फिरवायचं. पेंटर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “इतना करने तक तो रंग सूख जाता.”

त्यांचा धंदा मात्र फ्लेक्सने सुकवला. कोरल ड्रॉमध्ये ‘एक्स्ट्रूड’ नावाची सोय आहे. अक्षर धरून मागे ओढलं की त्याला हवी तेवढी जाडी येते. पेंटरला जाडी द्यायला रंग लागायचा, म्हणून तो बेताने द्यायचा. संगणकावर जाडी फुकट असल्यामुळे ‘हार्दिक शुभेच्छा’ची अक्षरं आता मागच्या चौकापर्यंत जातात. फॉन्टही असे मिळतात की पूर्वीच्यांना वेड लागलं असतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं कमल शेडगे नाटकागणिक नव्याने घडवायचे. नाव वाचायच्या आधीच नाटक रडवणार की हसवणार ते समजायचं. आता ‘मोदक’ नावाचा गुटगुटीत फॉन्ट बसल्या जागी उतरवून घेता येतो आणि त्यात श्रद्धांजलीही छापता येते. र. कृ. जोशींसारख्या सुलेखनाच्या थोर माणसाने संगणकासाठी ‘मंगल’ घडवला. आज त्यांची अक्षरं घराघरांत पोचली आहेत ती मुख्यतः वीज बंद राहण्याच्या सूचनेतून. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना पहिली वेलांटी एक घर पुढे सरकते, तेव्हा ज्याचा वाढदिवस आहे त्याचं बारसं त्या फ्लेक्सवर दुसऱ्यांदा होतं.

फ्लेक्सला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याची परंपरा फार जुनी आहे आणि ती आमच्याच जिल्ह्यातली आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी पाहा. मधोमध भव्य बोधिसत्त्व आणि भोवती लहान लहान माणसं. कोण जवळ उभा आहे यावर आकार ठरत नाही, कोण महत्त्वाचा आहे यावर ठरतो. क्रांती चौकातल्या फ्लेक्सवर हीच रचना आहे: मध्ये भाऊ, खाली टपाल तिकिटाएवढे पंचवीस शुभेच्छुक. मग कोणी लहान दिसायला तयार नसतो या माझ्या सिद्धान्ताचं काय? तर तो टिकतो. त्या पंचवीसांतला प्रत्येक जण आपापल्या वाढदिवसाला पुढच्या चौकात मधोमध मोठा असतो आणि भाऊ तिथे वरच्या कोपऱ्यात गोलात जातात. सगळ्या चौकांची बेरीज केली तर शहर पुन्हा समान मापाचं निघतं.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी ठोकळेही सोडले नाहीत. त्याच पद्मपाणीच्या मागचे डोंगर पाहिले तर ते एकावर एक रचलेल्या चौकोनी खडकांचे आहेत. दर्शनी बाजू एका छटेत, कडेची दुसऱ्या छटेत, चांगले हाताला लागतील असे. दीड हजार वर्षांनी भाचा स्क्रीनवर नेमकं तेच करत होता आणि त्याला वाटत होतं की हे जपानहून आलं. अक्षरांचंही तसंच. अजिंठ्याला उदार हाताने लेणी खोदवणाऱ्या वाकाटकांचे ताम्रपट पाहावेत. त्यांवरच्या ब्राह्मीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी आहे. अभ्यासक तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. अक्षर आणि ठोकळा यांची गाठ घालून द्यायला कला संचालनालयाला दीड हजार वर्षांचा उशीर झाला होता, एवढंच.

हे ऐकून भाचा म्हणाला, “मामा, मग वेरूळलाच जाऊ.” वेरूळला कैलास लेणं सगळे जण खालून बघतात, मान मोडेपर्यंत. आम्ही डोंगराच्या कडेवरून, एका कोपऱ्यातून खाली पाहिलं. सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला १०७ फूट खोल खाच. तिच्यात गोपुर, नंदीमंडप, शिखर, सगळं वरून तिरकं, एकाच नजरेत. फॅरिशसाहेबांना हवं होतं ते हे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे देऊळ वरून खाली खोदत आणलं गेलं. आधी कळस, शेवटी जोतं. म्हणजे खोदणाऱ्यांनी ते रोज याच बाजूने, वरूनच पाहिलं असणार. एक्स्ट्रूड मागे ओढतं. यांनी खाली ढकललं. आणि ‘अनडू’ नव्हतं.

याच घराण्यातल्या कर्कराजाचा इ. स. ८१२-१३चा बडोद्याचा ताम्रपट आहे. त्यात या देवळाबद्दल लिहिलं आहे की ज्याने ते बांधलं त्या शिल्पकारालाही नंतर नवल वाटलं, की हे माझ्या हातून झालं तरी कसं? प्रेरणेविषयी इतकं प्रामाणिक निवेदन दुसरं नसेल. केल्यावरही कळलं नाही कुठून आलं; आणि आपण करायच्या आधी शोधत बसतो. त्या ताम्रपटाने राजाला मोठं केलं, पण शिल्पकाराचं नाव काही लिहिलं नाही. ही उणीव पुढे बीबी का मकबऱ्याने भरून काढली: तिथे प्रवेशद्वारावरच्या लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोघांची नावं आहेत. हल्लीच्या कामावर खाली कोपऱ्यात नाव येतं ते फ्लेक्स छापणाऱ्याचं, मोबाइल नंबरासकट.

भाचा परत आला आणि एका बैठकीत बोर्ड करून मोकळा झाला. अक्षरं वरून खोदत आणल्यासारखी, शिरोरेषेवर वाकाटकांच्या पेट्या, डावीकडून पैठण गेटचा न मावळणारा सूर्य, आणि सुरुवातीला दुकानाची खूण म्हणून तीस अंशांतला मोठा ठोकळा, त्यावर टाइल्स बसवलेल्या. मालकांना दाखवायला गेला तेव्हा मीही बरोबर होतो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. माणूस चढून बसेल का, याचा अंदाज घेतला. समाधान झालं.

“एक नंबर,” ते म्हणाले. “पण फोटो कुठंय?”

“कोणाचा, काका?”

“ह्या ठोकळ्याला तीन बाजू दिसतात ना? एकीवर वडिलांचा टाक, एकीवर भाऊंचा, एकीवर माझा. फक्त एक बघ. तिघं सारखे दिसले पायजेत. वडील लहान दिसले तर घरात महाभारत, भाऊ लहान दिसले तर उद्घाटनाला येणार नाहीत.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या तर पैशाचा बोर्ड आहे!”

भाच्याने त्यांना धीर दिला. यात तिन्ही बाजू एकाच मापाच्या असतात, कोणीच लहान दिसत नाही, केंब्रिजच्या एका प्राध्यापकांनी दोनशे वर्षांपूर्वीच ही सोय करून ठेवली आहे, असं सगळं नीट समजावलं.

“केंब्रिजचे?” मालकांचा विश्वास बसेना. “इतकी समज असलेला माणूस गुलमंडीचाच असायला पायजे.”